बारा व्होल्टच तं हाये!

गेल्या दिवाळीत लोहाऱ्याला घरी गेलो तेव्हा बाबांच्या मोटरसायकलचं साइड पॅनल उघडायचा योग आला. लोहारा म्हणजे आमचं यवतमाळला लागून असलेलं, दारव्हा रोडवरचं, एमआयडीसीवालं. (विदर्भाबाहेरच्या मंडळींसाठी सांगितलं, नाहीतर धाराशिव जिल्ह्यातलं लोहारा समजून बसाल.)

या योगाचं कारण मीच. गाड्या चोरीला जाण्याच्या बातम्या वाचून, पुण्यात बसून मीच बाबांच्या मागे लागलो होतो की गाडीला जीपीएस ट्रॅकर लावून घ्या. त्यांनी तो एका दुकानातून बसवून घेतला. वीस मिनिटांत काम झालं म्हणे. तेव्हापासून गाडी चार-पाच दिवस उभी राहिली की सेल्फ मेलाच. एकदा बाबा पहाटे नागपूरची बस पकडायला निघाले आणि गाडी गप्प. फ्यूल इंजेक्शनची गाडी, बॅटरी पार उतरल्यावर ती किकलाही दाद देईना. शेवटी शेजारच्या काकांनी स्टँडवर सोडलं. बाबा फोनवर मला एवढंच म्हणाले, "तुला तिकडे दिसते ना गाडी? बघ, उभीच आहे."

पॅनल उघडलं तर आत काय? ट्रॅकरची लाल वायर थेट बॅटरीच्या प्लसवर. मध्ये फ्यूज नाही. ती वायर सीटखालच्या लोखंडी पट्टीवरून गेलेली, आणि सीटच्या दाबाने तिचं प्लास्टिक इतकं घासलेलं की तांबं दिसायला लागलं होतं. अजून एखादा महिना गेला असता तर ते तांबं चेसिसला टेकलं असतं. वर वीतभर अंतरावर पेट्रोलची टाकी. खरं सांगतो, पोटात गोळा आला.

दुकानात जाऊन विचारलं, तर तिथला पोरगा हसून म्हणाला, "काही नाई होत भाऊ, बारा व्होल्टच तं हाये!"

आता हा लेख त्या पोरावर नाही. त्याला कुणी शिकवलंच नसेल. लेख आहे "काही होत नाही" या वाक्यावर, आणि ते माझ्यासारख्या सॉफ्टवेअरवाल्यांच्या तोंडीही असतं म्हणून.

आमच्या धंद्यात एक साधा नियम आहे. मूळ प्रोग्रॅमवर नजर ठेवायला जो कोड लिहितो, त्याने मूळ प्रोग्रॅम पाडता कामा नये. लॉग लिहिणारा तुकडा मेला तरी बँकेचे व्यवहार चालू राहिले पाहिजेत. गाडीलाही हाच नियम लावा. जीपीएस मेला, जळला, पाण्यात भिजला, तरी गाडी चालू राहिली पाहिजे. माझ्या मते वायरिंग चांगलं की वाईट हे ठरवायला एवढी एक कसोटी पुरते.

पहिली गोष्ट, फ्यूज. बहुतेकांना वाटतं फ्यूज यंत्राला वाचवतो. तसं नाही, तो वायरीला वाचवतो. बारा व्होल्टचा शॉक बसत नाही हे खरं, पण शॉट झाला तर मोटरसायकलची ती इवलीशी बॅटरीसुद्धा सहज काही डझन अँपिअर फेकते. केसासारखी बारीक वायर तेवढ्यात लालबुंद होते आणि शेजारच्या वायरींचं प्लास्टिकही वितळवते. म्हणून फ्यूज यंत्राजवळ नको, बॅटरीच्या प्लसपासून चार बोटांवर हवा. फ्यूजच्या अलीकडची वायर उघडीच असते, तिला कुणी वाली नाही. मोबाइल किंवा नकाशावाल्या जीपीएसला ५ व्होल्टवर २ अँपिअर, म्हणजे १० वॉट लागतात. कन्व्हर्टरमधली तूट धरली तरी बॅटरीकडून साधारण १ अँपिअर. २ अँपिअरचा फ्यूज भरपूर झाला. घरात सापडला म्हणून १५ चा टाकू नका, तो असून नसल्यासारखाच.

दुसरी गोष्ट, वीज कुठून घ्यायची. इथे जीपीएसचे दोन प्रकार आपण एकत्र करतो. हँडलवरचा रस्ता दाखवणारा जीपीएस गाडी चालू असतानाच लागतो, म्हणून त्याला चावी ऑन केल्यावरच वीज मिळायला हवी. चावीच्या लाइनने रिले चालवायचा (८५ आणि ८६ नंबरचे पाय), आणि खरी वीज बॅटरीवरून फ्यूजमार्गे ३० मध्ये आणून ८७ मधून जीपीएसला द्यायची. म्हणजे मूळ वायरिंगवर रिलेच्या कॉइलपुरताच भार येतो. हेडलाइटच्या वायरीवर मात्र जोड मारू नका. जुन्या बऱ्याच गाड्यांत हेडलाइट थेट मॅग्नेटोच्या एसीवर चालायचा. अॅक्सिलरेटर पिळला की उजेड वाढायचा, आठवतंय? त्या लाइनवर डीसीसाठी बनवलेला चार्जर लावला तर त्याचं आयुष्य फार नाही.

चोरी पकडणारा ट्रॅकर मात्र चावी बंद असतानाही जागा हवा. जीपीएस नुसतं ऐकतो, उपग्रहांकडून आपली जागा काढतो. ती जागा मोबाइल नेटवर्कवरून तुमच्या फोनला कळवणं हे जास्त खाऊ काम. इथे गणित करायलाच हवं. मी बॅटरीचा मायनस काढून मध्ये मल्टिमीटर लावला (१० अँपिअरच्या रेंजवर, आणि तेव्हा सेल्फ चुकूनही दाबायचा नाही). चावी बंद असताना जवळपास ३० मिलीअँप जात होते. बॅटरी ३ अँपिअर-अवरची. ३००० भागिले ३० म्हणजे १०० तास, चार दिवसांत बॅटरी रिकामी. सेल्फ त्याच्या आधीच हात टेकणार. बाबांची नागपूरची बस का चुकत होती ते तिसरीच्या भागाकारात निघालं! सेटिंगमध्ये गाडी हलत नसताना झोपायची सोय होती, ती कुणी चालूच केली नव्हती. चालू केल्यावर आकडा ३ मिलीअँपवर आला. म्हणजे कागदावर चाळीस दिवस.

तिसरी गोष्ट, आणि इथे माझं मत जरा कडक आहे. ट्रॅकरसोबत फोनवरून इंजिन बंद करायचा रिले येतो. दुकानदार तो कौतुकाने दाखवतो. मोटरसायकलला तो लावू नका. तो लावायला इग्निशनची मूळ वायर कापावी लागते, म्हणजे इंजिनच्या जिवावर आपले दोन हातजोड. मे महिन्यात यवतमाळचा पारा ४५ कडे जातो, इन्सुलेशन टेपचा डिंक पाघळतो, पावसाळ्यात त्यात पाणी जातं, आणि वर्षभर हादरे असतातच. असा जोड घाटात, मागे ट्रक असताना सुटला तर? गाडी चोरीला जाण्यापेक्षा ते वाईट.

कुणी म्हणेल, सरकारने नियम केले असतीलच की. प्रवासी वाहनांसाठी केलेत. १ जानेवारी २०१९ पासून नव्या सार्वजनिक प्रवासी वाहनांना ठराविक मानकाचा ट्रॅकर आणि पॅनिक बटण लागतं. दुचाकी त्यातून वगळल्या आहेत. ते रास्तच आहे, प्रत्येक दुचाकीला सक्ती नकोच. पण त्यामुळे आपल्या गाडीत कसला जोड मारला जातो हे बघणारं आपल्याशिवाय कुणी नाही. निदान विकणाऱ्याने डब्यात फ्यूज घालावा आणि घेणाऱ्याने "फ्यूज कुठे आहे दाखवा" म्हणून अडून बसावं. फ्यूज होल्डरची किंमत ट्रॅकरच्या मानाने काहीच नाही.

आणि महिन्यातून एकदाच नकाशा लागत असेल, तर खिशातली पॉवर बँक सगळ्यात उत्तम. गाडीला हातच लावायचा नाही. उगाच इंजिनिअरिंग दाखवायची हौस नको (हे मी स्वतःलाच सांगतोय :) ).

असो. बाबांच्या गाडीचं मी काय केलं? वायर नवीन टाकली, फ्यूज लावला, वायर चेसिसच्या कडेने नेऊन प्लास्टिकच्या पट्ट्यांनी बांधली, जोडांवर आकसणारी नळी चढवली. आणि सीटखाली हाताला येईल असा एक प्लग ठेवला. बाबांना दाखवलं, "गाडी कधी अडली किंवा तुम्हाला नको वाटलं, तर हा ओढायचा. मला विचारायचं नाही."

हा शेवटचा प्लग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. गाडी ते चालवतात, मी नाही. मी फक्त पुण्यातून नकाशावरचा ठिपका बघतो.

बाबांनी तिथल्या तिथे प्लग एकदा ओढून बघितला, परत लावला आणि म्हणाले, "हे आधीच केलं असतं तर?"

बरोबर आहे त्यांचं.