मशीन ठणठणीत, फिल्टर गायब!

आमच्या पुण्यातल्या सोसायटीला लागूनच पुनर्विकासाचं काम चालू आहे. धूळ विचारू नका. म्हणून तीन वर्षांपूर्वी रोबोट व्हॅक्यूम घेतला. मोटर, बॅटरी अजून उत्तम. पण परवा कंपनीचा माणूस म्हणाला, "या मॉडेलचा फिल्टर आता येत नाही, नवीन मशीन घ्या." तळहाताएवढ्या फिल्टरसाठी पंचवीस हजारांचं मशीन भंगारात? ही कुठली रीत झाली राव?

मग ऑनलाइन शोधलं. तिथे दोनशे रुपयांत 'हेपा टाइप'. सगळी गोम त्या 'टाइप'मध्येच आहे! खरा एच-१३ दर्जाचा फिल्टर पकडायला सर्वांत अवघड असे सूक्ष्म कणही किमान ९९.९५ टक्के अडवतो. 'टाइप'वाल्याला असलं काही बंधन नाही. शिवाय कड घट्ट बसली नाही, की धूळ बाजूने निसटून पुन्हा घरातच.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली, पोर्टल काढलं. चांगलंच केलं. पण पोर्टलवर माहिती टाकणं वेगळं आणि सुटे भाग द्यायला भाग पाडणं वेगळं. फिल्टर किती वर्षं मिळेल, हे खोक्यावर छापायची सक्ती करा!

तोवर मंडळी, मशीन घेण्याआधीच विचारा : फिल्टर केवढ्याला? किती वर्षं मिळणार? लेखी द्याल का? उत्तर नाही, तर खरेदी नाही. आधीच अडकला असाल, तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. आपण गप्प बसतो, म्हणूनच त्यांचं फावतं.