अपिलात नात्याचे वजन किती?

वृद्ध आईच्या, विधवा काकूच्या किंवा एकट्या राहणाऱ्या आत्याच्या खात्यातून घरच्याच माणसाने पैसे काढून घेतले. गुन्हा सिद्ध झाला, कैदेची शिक्षा झाली आणि त्याने अपील केले. अशा अपिलातले मुद्दे बहुधा ठरलेले असतात. पहिलाच गुन्हा आहे, मुले लहान आहेत, नोकरी गेली आहे. आणि शेवटी हमखास येणारा मुद्दा: हे घरातले प्रकरण आहे, परक्याला कोणी लुबाडलेले नाही. आधीचे तीन मुद्दे कोणत्याही आरोपीचे असू शकतात. चौथ्याचा विचार मात्र नीट करायला हवा.

अपील म्हणजे पळवाट नव्हे, हे आधी मान्य करू. दंडाधिकाऱ्यांनी शिक्षा दिली असेल तर ३० दिवसांत सत्र न्यायालयात जाता येते आणि तिथे सगळा पुरावा नव्याने तपासला जातो. घरगुती प्रकरणांत हे फार गरजेचे असते. आत्याने भाच्याकडे एटीएम कार्ड आणि पिन दिलेला असतो. किराणा, औषधे, दवाखान्याचे बिल त्यातूनच भागते. कोणती रक्कम तिच्यासाठी खर्च झाली, कोणती तिने खुशीने दिली आणि कोणती त्याने परस्पर उचलली, याचा हिशेब बहुतेक घरांत कोणी लिहून ठेवत नाही. कधी तक्रारीमागे वाटणीचा जुना वाद असतो आणि दुसरे भावंड आईला पुढे करते. अशा प्रकरणांत लागणाऱ्या फौजदारी न्यासभंगात, म्हणजे विश्वासाने सोपवलेली मालमत्ता लाटण्याच्या गुन्ह्यात, पैसे परत केले नाहीत एवढे पुरत नाही. अप्रामाणिक हेतू सिद्ध व्हावा लागतो.

अपील चालू असताना आरोपीला तुरुंगात ठेवावे का? शिक्षा ठरावीक मुदतीची असेल तर तिला स्थगिती देताना न्यायालयांनी उदार असावे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये भगवान रामा शिंदे गोसाई प्रकरणात सांगितले. कारण उघड आहे. अपिलाचा नंबर लागेपर्यंत शिक्षाच भोगून संपली, तर निर्दोष सुटण्याला काय अर्थ उरतो? मला हे पटते.

पण जामिनावर सुटलेला माणूस जातो कुठे? पुष्कळदा त्याच घरात, नाहीतर त्याच आळीत. मग नातेवाइकांच्या फेऱ्या सुरू होतात. ‘पोराचं वाटोळं करू नकोस’, ‘सही कर आणि मिटव’. ज्या मुलाने पैसे नेले त्याच्याच हातचे जेवण, त्याच्याच गाडीतून दवाखाना, अशी जिची स्थिती आहे ती किती दिवस नाही म्हणेल? न्यासभंगाच्या गुन्ह्यात मालमत्तेच्या मालकाला न्यायालयाच्या परवानगीने तडजोड करता येते, अगदी अपिलाच्या टप्प्यावरही. आणि तडजोड मान्य झाली की केवळ शिक्षा कमी होत नाही. आरोपी निर्दोष ठरतो. बँकेच्या कागदांवर खोटी सही केली असेल तर मात्र बनावट दस्तऐवजाच्या गंभीर कलमांत ही सोय नाही. जिथे तडजोड चालते तिथे तिच्या अर्जावरचा अंगठा पाहून न्यायाधीशांनी समाधान मानू नये. त्या बाईला चेंबरमध्ये एकटीला बोलवावे, पैसे हातात पडले का आणि ती आता राहते कुठे, हे विचारावे.

आता नात्याबद्दल. दक्षिण कोरियात १९५३ पासून जवळच्या नातलगांतल्या चोरी-फसवणुकीला शिक्षेतून सूट होती; तिथल्या घटनात्मक न्यायालयाने जून २०२४ मध्ये ती घटनेशी विसंगत ठरवली. आपल्याकडे अशी सूट नाही. १९८५ मध्ये प्रतिभा राणी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बजावले की पत्नीचे स्त्रीधन नवऱ्याने किंवा सासरच्यांनी बळकावले तर तोही न्यासभंगच. एका छपराखाली राहण्याने गुन्हा पुसला जात नाही. माझे मत त्याही पुढचे आहे. पिन, पासबुक, लॉकरची किल्ली या वस्तू त्या माणसाच्या हातात आल्या त्या नात्यामुळेच. तेव्हा नाते हे शिक्षा सौम्य करण्याचे कारण नाही. भारतीय न्याय संहितेने साध्या न्यासभंगाची कमाल कैद ३ वर्षांवरून ५ वर्षांवर नेली, त्यातही विश्वासघाताचे गांभीर्य दिसते.

तरीही केवळ कैदेने त्या वृद्धेचे काय भागते? तिच्या मुदत ठेवीचे व्याज बंद झाले, औषधे उधारीवर आली. मुलगा तुरुंगात गेल्याने यात काहीच बदलत नाही. प्रत्येक फौजदारी खटल्यात नुकसानभरपाईचा विचार करणे न्यायालयाचे कर्तव्य आहे, असे अंकुश शिवाजी गायकवाड विरुद्ध महाराष्ट्र राज्य या २०१३ च्या निकालात म्हटले आहे. परिवीक्षेचा १९५८ चा कायदाही आहे. त्यानुसार गुन्हेगाराला चांगल्या वर्तनाच्या हमीवर सोडताना भरपाई द्यायला लावता येते. ज्याने स्वतःची जमीन विकून पूर्ण रक्कम न्यायालयात भरली, त्याची कैद कमी करायला माझी हरकत नाही. ‘हळूहळू फेडीन’ म्हणणाऱ्याला ती सवलत मिळू नये.

इथे एक उणीव आहे. शिक्षा कमी झाली म्हणून ती वाढवून मागण्याचे अपील पीडित व्यक्तीला करता येत नाही; २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले. भरपाई अपुरी असेल तर मात्र ती अपील करू शकते, पण हे तिला सांगणार कोण? शिक्षा वाढवून मागण्याचा हक्क सरकारवर सोपवलेला असल्याने सरकारी वकिलाने गप्प बसून चालत नाही.

स्थगितीच्या अर्जावर पहिल्याच तारखेला सरकारी वकिलांनी दोन अटी मागाव्यात: लाटलेल्या रकमेचा ठोस हिस्सा न्यायालयात जमा व्हावा आणि अपील संपेपर्यंत आरोपीने त्या वृद्ध व्यक्तीच्या घरात राहू नये. या अटी मान्य नसतील, तर स्थगितीला विरोध करावा.