'इम्युनिटी बूस्टर'च्या बाटलीत मारक पेशी नसतात

राज्यातील पहिले कोरोना रुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुण्यात आढळले आणि जुन्नरच्या वारूळवाडीपर्यंत घरोघरी एकच शब्द पोहोचला : इम्युनिटी! काढे आणि 'बूस्टर' गोळ्यांना मागणी आली. पण ही प्रतिकारशक्ती लढते कशी?

विषाणू शिरताच आधी धावून येणाऱ्यांत 'नैसर्गिक मारक पेशी' असतात. १९७५ मध्ये त्यांची ओळख पटली. विषाणूने पोखरलेल्या पेशीवरचे 'ओळखपत्र' अनेकदा गायब होते. ते दिसले नाही की मारक पेशी तिला छिद्र पाडून संपवतात.

गंभीर कोरोना रुग्णांच्या रक्तात या पेशी घटलेल्या आणि थकलेल्या आढळल्या. बर्लिनमधील संशोधकांनी २०२१ मध्ये 'नेचर'मध्ये एक कारण मांडले : 'टीजीएफ-बीटा' हा आवर घालणारा रासायनिक संदेश शरीर फार लवकर सोडते आणि या पेशींचे हात बांधले जातात.

म्हणजे प्रश्न नुसत्या ताकदीचा नाही, वेळेचा आणि समतोलाचा आहे. पुढे हीच प्रतिकारशक्ती बेफाम होऊन फुप्फुसांवर उलटते. म्हणूनच ऑक्सिजन लागणाऱ्या रुग्णांना तिला शमवणारे डेक्सामेथासोन दिले गेले. हा तोल काढ्याने साधत नाही. चहासारखा काढा जरूर घ्या. पण लस टाळू नका आणि धाप लागली तर थेट दवाखाना गाठा.