समता मोरीपाशी का थांबते?

मुळशी म्हटले की १९२१ सालचा सत्याग्रह आठवतो. टाटांच्या धरणाखाली भातखाचरे जाऊ नयेत म्हणून सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळे उभे राहिले आणि त्यांच्या बायकाही त्या लढ्यात उतरल्या. जमीन अखेर गेलीच. त्या पाण्यावर भिऱ्याला निर्माण झालेली वीज मुंबईच्या कारखान्यांकडे गेली. आज त्याच तालुक्यात हिंजवडीच्या संगणक कंपन्या आहेत, पिरंगुटचे कारखाने आहेत, आणि उन्हाळ्यात हंडा घेऊन पायपीट करणाऱ्या धरणकाठच्या वाड्याही आहेत.

हिंजवडीच्या उंच इमारतींतून सध्या एक चिंता व्यक्त होते. मुले जेवलेले ताटही उचलत नाहीत. त्यांना घरकामाची गोडी कशी लावावी? उपाय म्हणून भिंतीवर तक्ता लागतो, कामाला चांदण्या मिळतात, कोठे कोठे रोख रुपयेही मिळतात. चिंता खोटी नाही. परंतु ते ताट शेवटी घासते कोण? गावातून किंवा मजूरवस्तीतून आलेली मोलकरीण. आणि त्याच वेळी तिच्या घरी तिची दहा वर्षांची मुलगी केरवारा उरकून, धाकट्याला कडेवर घेऊन, शाळेची वेळ गाठण्याची धडपड करीत असते. तिला कामाची गोडी लावण्याचा तक्ता कोणी टांगलेला नाही. तिचा भाऊ मात्र भाकरीची वाट पाहत बसलेला असतो.

तेव्हा ‘मुलांना घरकामाला कसे लावावे’ हा प्रश्नच मुळात अर्धवट आहे. कोणाच्या मुलांना, आणि मुलांना की मुलींना, हे विचारल्यावाचून त्याचे उत्तर देता येणार नाही. २०१९ सालच्या केंद्र सरकारच्या वेळ-वापर पाहणीत सहा वर्षांवरील सर्वांच्या दिवसाचा हिशेब मांडला गेला. घरच्यांसाठी बिनमोल घरकाम करणाऱ्या स्त्रिया शंभरांत ८१ भरल्या; पुरुष अवघे २६. काम करणाऱ्या स्त्रीचे त्यात दिवसाला २९९ मिनिटे गेली, पुरुषाची ९७. हा भेद निसर्गाने घातलेला नाही. तो बालपणी, मोरीपाशी आणि चुलीपाशी, रोज घडविला जातो.

त्याच २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात आईबाप मिळून स्वयंपाकघरात काम करताना दाखविले. पाऊल स्वागतार्हच होते. पण पुस्तकातला बाप भाजी निवडतो आणि घरचा बाप तांब्याभर पाणीही मागून घेतो, तेव्हा मूल कोणाचे अनुकरण करणार?

यावर आक्षेप येतील. पहिला असा की, गरिबाच्या पोरांनी आधी शिकावे, काम कसले? आक्षेपात तथ्य आहे. बालकामगार कायद्यातील २०१६ च्या दुरुस्तीने शाळेनंतर आणि सुटीत कुटुंबाच्या धंद्यात ‘मदत’ करण्याची मुभा चौदा वर्षांखालील मुलांनाही दिली, आणि या निरागस शब्दाआड शोषणाला वाट करून दिली. म्हणूनच कसोटी स्पष्ट हवी. ज्या कामाने शाळा बुडते, खेळ बुडतो, ते संस्कार नव्हे, वेठ आहे. आपले ताट, आपले कपडे, आपले अंथरूण आणि घरच्या कामातला आपला वाटा, एवढे मात्र प्रत्येक मुलाने केलेच पाहिजे. आणि भावाने आपला वाटा उचलला तरच बहिणीच्या हाती पुस्तक येईल.

दुसरा आक्षेप आपल्यातूनच येतो: मालकीचे संबंध बदलले की हे सारे आपोआप बदलेल. आपोआप काहीही बदलत नाही. श्रम हलका, म्हणून तो करणारा हलका, ही जातिव्यवस्थेची शिकवण मुलगा प्रथम घरातच शिकतो. चांदण्या आणि रुपये देऊन ती पुसली जाणार नाही. उलट आईचे श्रम फुकट आणि आपले मात्र विकत, असा नवा धडा तो त्यातून घेईल.

साने गुरुजी अमळनेरच्या छात्रालयात मुलांच्या खोल्या स्वतः झाडीत, त्यांचे कपडे धूत. त्यांनी प्रवचनाआधी झाडू हाती घेतला, म्हणून मुलांनी त्यांचे ऐकले. गुरुजींचे नाव घेणारे कार्यकर्ते आज किती घरांत हे करतात? सभेत समतेवर तासभर बोलून रात्री घरी परतलेला कार्यकर्ता वाढलेल्या ताटावर बसतो आणि हात धुऊन उठतो. त्याचा मुलगा हे रोज पाहतो. बापाच्या भाषणापेक्षा बापाचे उष्टे ताट त्याला अधिक शिकवून जाते.

घरकामगारांसाठी २००८ साली राज्यात कल्याण मंडळाचा कायदा झाला. त्याच्या अंमलबजावणीसाठी लढलेच पाहिजे; वाडीवर नळ, गावात पाळणाघर मागितलेच पाहिजे. परंतु त्या मोर्चाला निघण्यापूर्वी कार्यकर्त्याने आपले ताट स्वतः घासावे आणि मुलाला शेजारी बसवावे. त्यासाठी सत्ता हाती येण्याची वाट पाहावी लागत नाही.