पोफळीचे वय आणि भरपाईचा हिशेब

मुरूड-श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ आदळले. वृत्तपत्रांच्या लेखी ती घटना कधीच जुनी झाली. पोफळीच्या लेखी मात्र ती अद्याप संपलेली नाही, कारण त्या वादळानंतर लावलेले रोप आता कोठे फळ धरण्याच्या वयाला येत आहे. सरकारी दप्तरातील वर्ष मार्चअखेर संपते. झाडाचे वर्ष तसे संपत नाही. या दोन कालगणनांचा मेळ घालण्याची कोणतीही सोय आपल्या मदतीच्या पद्धतीत नाही, आणि मुरूडसारख्या गावाचे पुढे काय होणार हे बऱ्याच अंशी या एका उणिवेवर अवलंबून आहे.

प्रथम हिशेब पाहू. आपत्तिनिवारणाच्या केंद्रीय निकषांत त्या वेळी बहुवार्षिक पिकांसाठी हेक्टरी १८,००० रुपये मदत होती. राज्य शासनाने ती बागायतीसाठी हेक्टरी ५०,००० रुपये केली, हे न्यायबुद्धीने नमूद केले पाहिजे. परंतु कोकणातील वाडी हेक्टरात मोजली जात नाही, गुंठ्यांत मोजली जाते. दहा गुंठ्यांची वाडी असलेल्या कुटुंबाच्या वाट्याला या दराने ५,००० रुपये येतात. यावर साहजिकच ओरड झाली आणि पुढे झाडामागे मदत देण्याचे ठरले: पोफळीस ५० रुपये, माडास २५० रुपये. कृषितज्ज्ञ सांगतात त्या अंतराने, म्हणजे दोन्ही बाजूंनी २.७ मीटर सोडून, लागवड केली तर हेक्टरात सुमारे १,३७० पोफळी बसतात. दहा गुंठ्यांत १३७. सगळ्याच्या सगळ्या आडव्या झाल्या असे धरले, तरी रक्कम होते ६,८५० रुपये. पडलेली झाडे तोडून, बुंधे उपटून वाडी मोकळी करण्याची मजुरी यातूनच भागवायची. पोफळीच्या खोडाला इमारती लाकडाची किंमत नाही. मांडवाला, कुंपणाला, चिरून पन्हळीला ते उपयोगी पडते, एवढेच.

तथापि रक्कम कमी होती ही माझी मुख्य तक्रार नाही. तिजोरीला मर्यादा असतात आणि त्या वर्षी तर टाळेबंदीमुळे ती आटलेलीच होती. तक्रार आहे ती मोजण्याच्या रीतीविषयी. पोफळ साधारण सहाव्या-सातव्या वर्षी फळ धरू लागते, दहा-बारा वर्षांची झाली म्हणजे भरात येते आणि पुढे काही दशके देत राहते. पाच वर्षांचे झाड पडले तर मालकाचा पाच वर्षांचा खर्च बुडाला. पंधरा वर्षांचे पडले तर पुढील पंचवीस-तीस वर्षांचे उत्पन्न बुडाले. पन्नास रुपयांच्या नोटेला हा भेद कळत नाही. उभ्या झाडाची किंमत त्याच्या आजच्या लाकडावरून ठरवायची नसते, पुढे येणाऱ्या उत्पन्नाचे आजचे मोल काढून ठरवायची असते, ही गोष्ट मार्टिन फाउस्टमान या जर्मन वनशास्त्रज्ञाने १८४९ साली सूत्ररूपाने मांडली. अर्थशास्त्राच्या वर्गात हे सूत्र शिकवले जाते; महसूल खात्याच्या पंचनाम्यात मात्र त्याला अजून प्रवेश मिळालेला नाही.

आणि शासनाला हे मुळीच ठाऊक नाही असे म्हणण्याचीही सोय नाही. नारळ विकास मंडळाच्या माड विमा योजनेत ४ ते १५ वर्षे वयाच्या माडाची विमारक्कम ९०० रुपये, तर १६ ते ६० वर्षे वयाच्या माडाची १,७५० रुपये ठरवली गेली होती. म्हणजे वयाप्रमाणे झाडाचे मोल बदलते हे सरकारच्याच एका हाताला मान्य होते. दुसऱ्या हाताने मात्र सरसकट २५० रुपये मोजले. विमा वेगळा आणि मदत वेगळी, हा युक्तिवाद कायद्याच्या दृष्टीने बरोबर आहे. ज्याच्या दारात माड पडला, त्याला तो पटण्यासारखा नाही.

पंचनाम्याच्या रीतीत आणखी एक दोष आहे. तो पडलेली झाडे मोजतो, उभी राहिलेली मोजत नाही. पोफळ ही सावलीत आणि गर्दीत वाढणारी जात. वाऱ्याने वाडीचे छत फाडले, माड गेले, की आतल्या पोफळींच्या खोडांवर दुपारनंतरचे ऊन थेट पडते. विशेषतः नैऋत्येकडील बाजू भाजते, साल तडकते आणि ते झाड पुढच्या वाऱ्यात मोडते. बागायतदाराला हे वडिलोपार्जित ज्ञानाने ठाऊक असते, म्हणूनच तो त्या बाजूला आडोसा राखतो. परंतु वादळानंतर दोन-तीन उन्हाळ्यांनी कोसळलेले झाड कोणत्या आपत्तीत धरायचे? कोणत्याच नाही. नुकसान होत राहते, नोंद मात्र बंद झालेली असते.

आता मुरूड गाव कसे वसले आहे ते पाहिले, म्हणजे हा प्रश्न केवळ बागायतदारांचा का नाही, हे ध्यानात येईल. पश्चिमेला समुद्र, किनाऱ्यालगत वाड्या, वाड्यांमागे वस्ती आणि तिच्याही मागे डोंगर. त्या डोंगराळ पट्ट्यात फणसाडचे अभयारण्य आहे. एके काळी ते जंजिऱ्याच्या नवाबांचे शिकारीचे राखीव रान होते. १९४८ साली संस्थान विलीन झाले आणि १९८६ साली सुमारे ५४ चौरस किलोमीटरच्या या रानाला अभयारण्याचा दर्जा मिळाला. लोकशाहीच्या अभ्यासकाला जरा अवघड वाटावी अशी ही गोष्ट आहे. एका संस्थानिकाच्या शिकारीच्या हौसेने जे रान राखले, त्यात आज शेकरू सुखाने नांदतो आहे. आणि ज्या आदिवासींना त्या काळी तिथे मज्जाव होता, त्यांना नव्या कायद्यानेही बराचसा मज्जावच आहे. असो. या रानात पाणवठ्याला ‘गाण’ म्हणतात. फणसाड गाण, चिखलगाण ही त्यांची नावे. अभयारण्याचे नावही अशाच एका गाणीवरून पडले. नवाबी काळात बांधलेले गारंबीचे धरण याच डोंगरांच्या आश्रयाने मुरूड शहराला पाणी देत आले आहे. पर्यटक येतो तो जंजिऱ्याचा किल्ला पाहायला. भर समुद्रात गोड्या पाण्याचे तलाव पाहून तो थक्क होतो, आणि ते आश्चर्य खरेच आहे. परंतु किनाऱ्याच्या वाळूत खणलेली वाडीतील विहीर गोडी राहते, हे आश्चर्यही त्याच तोडीचे आहे. पावसाचे पाणी वाळूत मुरून खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते. वाडी ते बेताने उपसते आणि पाटाने पुन्हा जमिनीला देते. त्याच जागी खोल्यांची इमारत उभी राहिली, विंधन विहीर खणली गेली आणि दिवसरात्र पंप चालला, की खालचे खारे पाणी वर येते. ते कुंपण पाहून थांबत नाही. शेजारच्या वाडीतही शिरते.

भरपाईच्या दराचे महत्त्व इथे कळते. वादळानंतर वाडीच्या मालकापुढे दोन मार्ग असतात. एक, सहा-सात हजार रुपये घेऊन रोपे लावायची आणि सात वर्षे वाट पाहायची. दुसरा, जमीन गुंठ्याने विकायची. मुंबईहून येणारे रस्ते सुधारत आहेत, मार्च २०२० पासून भाऊचा धक्का ते मांडवा मोटारींसह नेणारी बोट सुरू झाली आहे, किनाऱ्याला समांतर जाणाऱ्या सागरी महामार्गाची प्रतीक्षा आहे. जमिनीचे भाव कोणत्या दिशेने जाणार हे सांगायला अर्थतज्ज्ञ नको. ज्याचे वय साठ आहे आणि मुलगा पनवेलला नोकरीत आहे, त्याने दुसरा मार्ग धरला तर त्याला दोष कसा द्यावा? आपण त्याला वाट पाहण्याची किंमतच दिलेली नाही. पर्यटनाला माझा विरोध नाही. किनाऱ्यावरच्या घराघरांतून चालणाऱ्या खाणावळींनी अनेक कुटुंबे तारली आहेत. परंतु त्या खाणावळींत उतरणारा पाहुणा वाडीच्या सावलीसाठी येतो, आणि ती सावली कोणाच्याच ताळेबंदात नाही.

ज्यांच्या नावावर सातबारा नाही, त्यांचा तर यात विचारच नाही. असोली सुपारी सोलणाऱ्या बायका, माडावर चढणारे गडी, खंडाने वाडी करणारे, यांचेही उत्पन्न त्या एका दुपारी गेले. झाडामागे ५० रुपये मिळाले ते जमिनीच्या मालकाला. वाडी विकली गेली तर मालकाला निदान तिची किंमत मिळते. सुपारी सोलणारणीला काहीही मिळत नाही.

एक आक्षेप मात्र गंभीर आहे आणि तो टाळता येणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली सुपारी ही माणसास कर्करोगकारक ठरवली. आपल्या राज्याने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली. मग सुपारीच्या लागवडीला सार्वजनिक पैसा का द्यावा? माझे उत्तर असे की पैसा सुपारीला नको, वाडीला द्यावा. कोकणची वाडी हे एका पिकाचे शेत नव्हेच. माड, पोफळ, केळ, जायफळ, मिरीचा वेल, फणस, कोकम असा तो मजल्यामजल्यांचा बगीचा आहे. मदतीच्या अटींत सुपारीचे प्रमाण हळूहळू कमी करून जायफळ-मिरीचे वाढवण्याला उत्तेजन देता येईल. श्रीवर्धनला कोकण कृषी विद्यापीठाचे सुपारी संशोधन केंद्र आहे. सुपारीच्या सावलीत काय पिकते याचे मार्गदर्शन तिथून व्हावे. परंतु त्यासाठी सावली शिल्लक राहिली पाहिजे.

करायचे काय, हे फारसे गूढ नाही. मदत एकदाच न देता झाड फळाला येईपर्यंत वर्षावर्षाने द्यावी. रक्कम मोठी नसली तरी चालेल, तिची खात्री असावी. जो पुन्हा वाडी लावील त्यालाच पुढचा हप्ता मिळावा. सोलणारे आणि चढणारे यांच्यासाठी त्याच वाड्यांच्या पुनर्लागवडीवर रोजगार हमीतून काम निघावे. माडाला आहे तशी वयानुसार विम्याची सोय पोफळीलाही हवी. मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ याच किनाऱ्याला खेटून गेले. पुढचे वादळ शतकाने येईल अशा भ्रमात राहण्याचे दिवस गेले आहेत.

मात्र यांपैकी कोणतीही गोष्ट करायची तर झाडाचे वय ठाऊक पाहिजे, आणि आज ते फक्त मालकाच्या आठवणीत असते. २०२१ पासून राज्यात शेतकरी स्वतःच्या मोबाइलवरून ई-पीक पाहणी करू लागला आहे. मुरूड तालुक्यातील एखाद्या किनारी गावात येत्या पावसाळ्यापूर्वी तलाठी, कृषी सहायक आणि शाळेतील वरच्या वर्गांतील मुले मिळून वाड्यांची झाडवार नोंद करू शकतील. त्यासाठी खर्च जवळजवळ नाही. नमुन्यात लागवडीच्या वर्षाचा एक रकाना तेवढा वाढवावा लागेल.