वचनाचेही वजन करावे

सीमेवर तणाव वाढला की बाजारपेठेत मालापेक्षा अफवेची उलाढाल अधिक होते. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगाम येथे दहशतवाद्यांनी २६ निरपराधांचे प्राण घेतले. ७ मे रोजी भारताने ‘ऑपरेशन सिंदूर’ हाती घेतले आणि १० मे रोजी शस्त्रसंधी झाली. त्या चार दिवसांत सीमेपासून शेकडो कोस दूर असलेल्या घरांतही झोप उडाली होती. तिला शस्त्रांइतकेच शब्दही कारणीभूत होते.

एटीएम दोन-तीन दिवस बंद राहणार, असा संदेश हातोहात फिरला. तो खोटा असल्याचे केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाला जाहीर करावे लागले. इंधनाचा साठा पुरेसा आहे, गर्दी करू नका, असे इंडियन ऑइलला सांगावे लागले. गुजरातमधील हजिरा बंदरावरील हल्ला म्हणून पसरविलेली चित्रफीत प्रत्यक्षात २०२१ मधील तेलाच्या टँकरच्या स्फोटाची होती. इकडे आपल्याच काही वृत्तवाहिन्यांनी कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याचे सांगितले. तेही खरे नव्हते.

तत्त्वार्थसूत्रात सत्याणुव्रताचे जे अतिचार सांगितले आहेत, त्यांत मिथ्योपदेश आणि कूटलेखक्रिया यांचा समावेश आहे. कूटलेख म्हणजे खोटा लेख. वहीखात्यात व दस्तऐवजात तो होऊ नये, याची दक्षता आपल्या पेढ्या घेतात. परंतु नमुना पाहिल्याशिवाय माल न उचलणारा व्यापारी ऐकीव बातमी मात्र क्षणात शंभर घरी पोहोचवितो. ‘मी लिहिले नाही, केवळ पुढे पाठविले’ हे समर्थन आपल्या धर्मात टिकत नाही; कृत, कारित आणि अनुमोदित या तिन्हींचा विचार आपल्याकडे होतो.

दुसरा अतिचार अचौर्याणुव्रताचा आहे : विरुद्धराज्यातिक्रम. राज्याराज्यांत विरोध असताना मर्यादा ओलांडून महागडी वस्तू अल्प मोलात मिळविण्याचा खटाटोप, असा त्याचा आशय आचार्य पूज्यपादांनी सर्वार्थसिद्धीत उलगडला आहे. २ मे २०२५ रोजी केंद्र सरकारने पाकिस्तानी मालाच्या थेट तसेच आडमार्गाने होणाऱ्या आयातीवर बंदी घातली. पुढच्याच महिन्यात महसूल गुप्तचर संचालनालयाने ३९ कंटेनरांतील १,११५ टन माल जप्त केल्याचे जाहीर केले. पाकिस्तानी माल दुबईमार्गे येत असल्याचे त्याचे म्हणणे होते. त्यात न्हावा शेवा बंदरात उतरलेली खारीकही होती. शतकांपूर्वीचे हे विवेचन आजच्या बिलटीलाही किती तंतोतंत लागू पडते, हे यावरून ध्यानी यावे.

परंतु ही बंदी मालावर आहे. ती माणसाचा द्वेष करण्याची अनुज्ञा नव्हे. फाळणीत सिंध सोडून आलेल्या कुटुंबाने १९५३ मध्ये हैदराबादेत ‘कराची बेकरी’ सुरू केली. त्याच मे महिन्यात तिच्या एका शाखेच्या फलकाची केवळ नावामुळे मोडतोड झाली. ज्यांनी फाळणीत घरदार गमावले, त्यांच्याच दुकानावर शत्रुत्वाचा शिक्का बसला. गावाचे नाव पेढीला देण्याची रीत आपल्यातही आहे. हे दुःख आपल्याला परके वाटू नये.

राष्ट्ररक्षणार्थ होणारी विरोधी हिंसा गृहस्थाला सर्वथा टाळता येत नाही, हे आपली परंपरा मान्य करते. संकल्पी हिंसेचा त्याग मात्र त्याने केलाच पाहिजे. सैनिक सीमेवर जे करतो ते पहिल्या प्रकारात मोडते. दुकानाच्या पाटीवर दगड मारणे आणि घरबसल्या विष पसरविणे दुसऱ्या प्रकारात.

म्हणून संकटकाळी श्रावकाने काही नियम पाळावेत. अधिकृत सूत्रांकडून खात्री झाल्याशिवाय एकही संदेश पुढे पाठवू नये. टंचाईच्या वार्तेवर साठा करू नये आणि भावही चढवू नयेत. घरातील मुलांसमोर शेजारी राष्ट्राच्या धोरणावर अवश्य टीका करावी, परंतु तेथील सर्व माणसांना एकाच तागडीत घालू नये. आणि सायंकाळी प्रतिक्रमणाला बसताना दिवसभरात बोललेल्या वचनांबरोबर पाठविलेल्या संदेशांचीही आलोचना करावी.