शाळा नेहमीची की विशेष? आधी आपल्याच शाळांची दारं तपासू

सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या खंडपीठाने एक जुना प्रश्न पुन्हा उघडला. २०१४ च्या प्रमाती निकालाने अल्पसंख्याक शाळांना आरटीई कायद्यातून पूर्ण सवलत दिली होती. ती योग्य होती का, हे मोठ्या पीठाने तपासावे, असे खंडपीठाने सुचवले. आपल्याकडे चर्चा मात्र फक्त टीईटीची झाली. स्टाफरूममध्ये आम्हीही तेच बोलत होतो, खोटं कशाला सांगा!

पण या सवलतीची झळ आणखी कुणाला तरी बसते. तीन वर्षांपूर्वी एक अम्मी आपल्या सहा वर्षांच्या मुलाला घेऊन मोहल्ल्यातल्या आपल्याच एका शाळेत गेली. मुलगा स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेला. कलमे पाठ, पहाडे पाठ, पण घंटा वाजली की कानांवर हात. ऑफिसातून उत्तर आलं, "आम्हाला आरटीई लागू नाही, याला स्पेशल शाळेत घाला." स्पेशल शाळा दोन रिक्षा बदलून. अब्बूंची रोजंदारी. मग नानीने ताविज आणला, कुणी म्हणालं मोठा झाला की सुधरेल. मुलगा आता नऊ वर्षांचा आहे आणि घरीच आहे.

कायदा काय म्हणतो? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत ऑटिझम आहे. प्रमाणपत्रावर ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असेल, तर ६ ते १८ वयात जवळची शाळा की विशेष शाळा हे निवडण्याचा हक्क मिळतो, आणि शिक्षण मोफत. मान्यताप्राप्त शाळांनी भेदभाव न करता प्रवेश द्यावा, हीच या कायद्याची दिशा आहे. अल्पसंख्याक शाळांसाठी त्यात वेगळी पळवाट लिहिलेली नाही. आरटीईच्या २५ टक्के जागांत दिव्यांग मुलं वंचित गटात येतात, पण त्या जागा आपल्या शाळांत नाहीत, इतर खासगी शाळांत आहेत. तिथे अर्ज करायला लाजू नये.

आता निवड. जे मूल अजून गरज सांगू शकत नाही, एकदम रस्त्यावर धावतं, शौचाची सवय नाही, त्याला सुरुवातीची दोन-तीन वर्षं विशेष शाळाच बरी, असं आमचं मत आहे. लहान गट, ठरलेला दिनक्रम, बोलण्याची थेरपी, हे साठ मुलांच्या वर्गात आम्ही देऊ शकत नाही. यात कमीपणा कसला? जे थोडा वेळ बसतं, वाचतं, मुलांना बघून शिकतं, त्याला मात्र चुलत-मावस भावंडांच्याच शाळेत घाला. पण मुख्याध्यापकांना विचारा: विशेष शिक्षक येतात का, किती दिवसांनी? २०२१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर २०२२ मध्ये केंद्र सरकारने प्राथमिकला १० आणि पुढच्या वर्गांना १५ दिव्यांग मुलांमागे एक विशेष शिक्षक ठरवला. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना ही पदं जाहीर करायला सांगितलं. नुसता प्रवेश देऊन मागच्या बाकावर बसवणं ही शाळा नव्हे.

आणि हो, "घरात उर्दू बंद करा, मुलाचा गोंधळ होतो" असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. दोन भाषांमुळे ऑटिझम होत नाही.

आपल्या अंजुमनकडे हॉलच्या फरशीला पैसे निघतात. चार शाळांनी मिळून एका विशेष शिक्षकाचा पगार काढणं एवढं अवघड आहे का? मोठ्या पीठाच्या निकालाची वाट कशाला बघायची?

त्या मुलाचं प्रमाणपत्र आता झालंय. येत्या जूनमध्ये अम्मी पुन्हा त्याच शाळेत जाणार, या वेळी लेखी अर्ज घेऊन. आम्ही तिला एवढंच सांगितलंय, "नाही म्हणाले, तर नकारही लेखी मागा."